महाल : आमच्या बाजूने

नागपूरला जाणारा माणूस "तिथे बघण्यासारखे काय आहे?" असे विचारतो, तेव्हा त्याला मिळणारी यादी ठरलेली असते. दीक्षाभूमी बघा, झिरो माईलचा खांब बघा, फुटाळ्यावर संध्याकाळी बसा, सीताबर्डीचा किल्ला उघडा असेल तर नशीब (तो लष्कराकडे आहे, वर्षातून मोजकेच दिवस लोकांना आत सोडतात) आणि येताना संत्र्याची बर्फी आणा. यादी चांगली आहे. तिच्यातल्या एकाही नावाला माझी हरकत नाही. पण या यादीत महाल बहुधा नसतो, आणि असला तरी "जुना भाग, गर्दी फार" एवढ्या शेऱ्यासह असतो. आमच्या वर्गातील काही मित्र नागपूरला जायचे म्हणत आहेत, म्हणून ही यादी थोडी वाढवावी एवढ्याच हेतूने हा लेख लिहावयास घेतला. लिहिता लिहिता त्यात माझ्या गावाची गोष्ट शिरली. ती टाळता येण्यासारखी नव्हती.

मी मूळचा पांढुर्ण्याचा. वडिलांची बदली झाली म्हणून या सीमाभागातील कॉलेजात आलो. येथे पहिल्या आठवड्यात मला अनेकांनी "निम्म ऊरु यावुदु?" असे विचारले. पांढुर्णा म्हटल्यावर दुसरा प्रश्न येई, ते कुठे आले? मध्य प्रदेशात म्हटल्यावर तिसरा प्रश्न मराठी आणि कन्नड दोन्ही मित्रांकडून एकाच सुरात येई, "मग तू मराठी कसा?" हा प्रश्न मला नवा नाही. आमच्या राज्यातल्या एका कचेरीत फॉर्म भरताना मी मातृभाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहिले, तर खिडकीतल्या माणसाने "मध्य प्रदेश के हो ना? तो हिंदी लिखो" असे सांगून कागद परत सरकवला होता. उलट नागपूरच्या एका दुकानात मी अस्सल मराठीत भाव विचारला, तर मी कुठला हे कळल्यावर दुकानदार आपुलकीने हिंदीत बोलू लागला. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. पण दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो कसा असतो हे मला तेव्हा समजले.

या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकापेक्षा महालात अधिक नीट मिळाले. आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी. द्विनोंदी पद्धतीत एका खात्याला नावे टाकले की दुसऱ्या कुठल्या तरी खात्याला जमा पडलेच पाहिजे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी घोकायला लावतात. महालात फिरताना मला असे वाटत राहिले की, येथल्या प्रत्येक जुन्या दगडाची दुसरी नोंद आमच्या बाजूच्या वहीत आहे. ती वही मात्र कोणी उघडत नाही.

पांढुर्ण्याहून नागपूर शंभरेक किलोमीटर, सौंसरहून सत्तर-पंच्याहत्तर. भोपाळ आम्हाला याच्या जवळजवळ तिप्पट दूर. दवाखाना, लग्नाचा बस्ता, संत्र्याचा बाजार, मुलाचे शिक्षण, जे काही मोठे असेल ते नागपूरला. पांढुर्णा दिल्लीकडून येणाऱ्या मोठ्या रेल्वेमार्गावर असल्यामुळे आम्ही मुख्य स्टेशनवर उतरतो. सौंसरची माणसे मात्र छिंदवाड्याहून येणाऱ्या नॅरो गेजच्या छोट्या गाडीने थेट इतवारीला उतरत. ती गाडी २०१५ च्या अखेरीस बंद झाली आणि आता तेथे रुंद रूळ पडले आहेत. इतवारी हे नावच पाहा. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी असा जवळजवळ अख्खा आठवडा या शहराने आपल्या अंगावर मांडून ठेवला आहे. ज्या पेठेत ज्या वारी बाजार, ते त्या पेठेचे नाव. महालात अजूनही बुधवार बाजार आहे. एखाद्या शहराचा व्यापार कसा वाढला हे त्याच्या नकाशावरूनच वाचता यावे, याहून कॉमर्सच्या विद्यार्थ्याला आणखी काय हवे?

महाल बघायला सुरुवात करावी ती शुक्रवारी तलावापासून. आज त्याला गांधीसागर म्हणतात, पूर्वी जुम्मा तलाव म्हणत. मला हा तलाव प्रथम आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी दाखवला. काठावर उभे राहून त्यांनी काठी पाण्याकडे केली आणि म्हणाले, "हा तलाव कोनं बांदला, माईत हाये काय तुले? आपल्या देवगडच्या राजानं बाप्पा!" मला वाटले, आबा आपल्या मुलुखाची बढाई मारीत आहेत. घरी येऊन वाचले, तर शब्द न् शब्द खरा निघाला.

देवगड हे आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातले गाव. डोंगरावर गोंड राजांचा पडका किल्ला आहे. तेथे एके काळी आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या होत्या असे लोक सांगतात. आकडा सोडून द्या, पण पाण्याची राजांना जाण होती एवढे त्यातून कळते. याच देवगडचा राजा बख्त बुलंद शाह. त्याने इस्लाम स्वीकारल्यावर औरंगजेबाकडून त्याला हा किताब मिळाला. बख्त बुलंद म्हणजे ज्याचे नशीब थोर तो. पुढे याच राजाने मोगलांविरुद्ध बंड केले, तेव्हा चिडलेल्या बादशहाने त्याचे नाव बदलून 'निगून बख्त', म्हणजे फुटक्या नशिबाचा, असे करावयास सांगितले. बादशहाच्या कागदावर त्याचे नशीब फिरले असेल, पण १७०२ च्या सुमारास त्याने नाग नदीच्या काठची बारा खेडी एकत्र करून जे गाव वसवले, ते आज तीस लाखांच्या घरात जाणारे नागपूर आहे. त्याचा मुलगा चांद सुलतान. त्याने राजधानी देवगडहून उचलून नागपुरास आणली, गावाभोवती तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. म्हणजे नागपूर हे आमच्या डोंगरावरून खाली उतरून मैदानात बसलेले शहर आहे! आम्ही नागपूरला जातो असे आम्हाला वाटते. त्याच्या आधी नागपूरच आमच्याकडून आले होते.

तलावाजवळच एम्प्रेस मिलची जागा आहे. जमशेटजी टाटांनी १८७४ साली कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी ही कापड गिरणी सुरू केली. मुंबई सोडून त्यांनी नागपूर का निवडले? वऱ्हाडचा कापूस जवळ, रेल्वे १८६७ सालीच आलेली, आणि दगडी कोळसा फार दूर नाही. जागा मात्र दलदलीची होती, भरणी घालूनच पाया घ्यावा लागला. येथल्या एका सावकाराने या धंद्यात पैसा घालण्यास नकार देताना, हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, अशा अर्थाचे काही म्हटले होते आणि नंतर आपले म्हणणे मागे घेतले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. गिरणीत १८९५ साली कामगारांसाठी अपघात विमा आणि १९०१ साली भविष्यनिर्वाह निधी सुरू झाला. कायद्याने सांगण्याच्या कितीतरी आधी. ती गिरणी आता बंद पडली असून त्या जागेवर मोठा मॉल उभा आहे. आमच्या पुस्तकात 'स्थळनिश्चितीचे घटक' असा रटाळ धडा आहे. तो ज्यांना पाठ होत नसेल त्यांनी तलावाच्या काठी अर्धा तास उभे राहावे, धडा आपोआप समजेल.

तेथून पुढे महालात शिरताना लागतो गांधी गेट. हाच जुना जुम्मा दरवाजा. चांद सुलतानाचा तट गेला, हा दरवाजा राहिला. आज त्याच्याखालून रिक्षा, दुचाक्या आणि भाजीच्या गाड्या इतक्या बिनघोर जातात की, वर मान करून कमान बघणारा माणूस अडथळा ठरतो. पण डिसेंबर १८१७ मध्ये येथे तोफा चालल्या होत्या. त्याआधी २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य इंग्रजांकडून हरले होते. पुढे आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले, तरी भोसल्यांच्या चाकरीतले अरब शिपाई शहर सोडावयास तयार होईनात. इंग्रजांचा या दरवाजावरचा हल्ला त्यांनी परतवला आणि वर्ष सरता सरता अटी ठरवूनच ते बाहेर पडले. राजा शरण गेला होता, पण भाडोत्री म्हणून ज्यांना हिणवतात ते शिपाई शेवटपर्यंत लढले. दरवाजाखाली उभे राहून हे आठवले की गर्दीचा आवाज क्षणभर मागे पडतो.

याच आप्पासाहेबांना १८१८ साली कैद करून अलाहाबादकडे नेत असता ते वाटेत निसटले. आणि गेले कुठे? आमच्याच बाजूला. महादेवाच्या डोंगरांत गोंड सरदारांनी त्यांना आसरा दिला. ज्या गोंडांचे राज्य भोसल्यांनी घेतले, त्यांच्याच लोकांनी भोसल्यांच्या पडत्या राजाला पोटाशी धरावे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पुढे ते अशीरगडमार्गे उत्तरेकडे गेले आणि १८४० साली जोधपुरास वारले.

भोसल्यांनी ते राज्य घेतले कसे, हेही महालातच कळते. १७३९ साली चांद सुलतान वारल्यावर गादीसाठी तंटा झाला. राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीस बोलावले. रघूजींनी तंटा मिटवला, मदतीचा मोबदला घेतला, आणि १७४३ मध्ये पुन्हा भांडण लागले तेव्हा कारभारच हाती घेतला. गोंड राजाला मात्र त्यांनी हाकलले नाही. मानाने पेन्शन देऊन नागपुरातच ठेवले. महालात आजही किल्ला म्हणून ओळखला जाणारा भाग आहे, तो या गोंड राजांचा. येणारेजाणारे किल्ला रोडवरून रोज जातात, पण कोणाचा किल्ला असे शंभरांत एखादाच विचारीत असेल. तेथे फारसे बघण्यासारखे उरलेले नाही, हे मान्य. परंतु भोसल्यांच्या वाड्याकडे जाण्यापूर्वी दोन मिनिटे येथे थांबावे, असे मी प्रत्येकाला सुचवीन. आधी घरमालक, मग कुळ, असा हिशेब बरा.

रघूजींच्या फौजा पुढे थेट बंगालपर्यंत गेल्या. १७५१ च्या तहाने ओरिसाचा महसूल आणि बंगालची वर्षाला बारा लाख रुपये चौथाई नागपूरला मिळू लागली. या वैभवातून महालात जो मोठा राजवाडा उभा राहिला, तो काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकडाचा होता. १८६४ च्या आगीत तो जळून गेला. पण त्याच्या आधीच मोठी आग लागून गेली होती. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, आणि डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. हत्ती, घोडे आणि बैल लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्यास जाऊन विकले गेले. लिलाव म्हणजे विक्रीचा एक प्रकार, असे आम्ही परीक्षेत लिहितो. एका राज्याचा लिलाव कसा होतो, हे त्या व्याख्येत बसत नाही.

भोसले घराण्याचा वाडा आजही महालात आहे आणि घराण्याची माणसे तेथे राहतात. जवळच चिटणीस पार्क आणि चिटणवीसांचा वाडा. हे घराणे भोसल्यांच्या दरबारी चिटणिशी करणारे, म्हणजे आजच्या भाषेत सेक्रेटरी. शुक्रवारी भागात भोसल्यांच्या छत्र्या आहेत, त्याही पाहाव्यात. महालातल्याच एका घरात १९२५ च्या दसऱ्याला डॉ. हेडगेवारांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना केली. बडकस चौकातून केळीबाग आणि तुळशीबाग या नावांच्या रस्त्यांवरून चाला, म्हणजे भोसल्यांच्या बागा नकाशावर कुठे होत्या ते कळेल. बागा गेल्या, नावे राहिली. आता रस्ते रुंद होत आहेत. वाहतूक वाढली आहे, तेव्हा ते व्हायला हवेत हे खरे. पण रस्ता दहा फूट रुंद झाला की एखाद्या जुन्या वाड्याची ओसरी जाते, खांबावरचा कोरीव मोर जातो, आणि त्याची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही. म्हणून जायचे असेल तर लवकर जा.

आणि शक्य असेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जा. त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. १८८० च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक इतवारी-महालच्या रस्त्यांवरून जाते, आणि लोक "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडतात. त्या वर्षी लोकांना जे जे डाचले असेल, महागाई असो वा भ्रष्टाचार, त्याचा बडग्या करून मिरवतात व जाळतात. मी स्वतः मारबत एकदाच पाहू शकलो, कारण नेमक्या त्याच दिवशी आमच्या पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार असते. नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये पळसाचे झाड आणि दोन्हीकडून दगड. दरवर्षी माणसे जखमी होतात, आजवर काहींचे जीवही गेले. नदीपलीकडच्या पोरीला पळवून आणणाऱ्या पोराची कथा सांगून आम्ही या प्रथेचे कौतुक करतो, पण दगड लागलेल्याच्या आईला ती कथा पुरत नाही. एकाच पोळ्याच्या पाडव्याला नागपूरकर मनातली पीडा कागदाच्या पुतळ्यावर काढतात, आम्ही ती समोरच्या माणसावर काढतो. आमच्या गावाने महालाकडून घ्यावे असे काही असेल, तर मला वाटते ते हे.

अर्थात महालालाही दगड माहीत नाहीत असे नाही. १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून याच चिटणीस पार्कच्या आसपास दगडफेक आणि जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, एका माणसाचा जीव गेला. त्या दिवसांत मला बख्त बुलंद आठवत होता. औरंगजेबाने दिलेले नाव घेऊन जगलेला, औरंगजेबाशीच लढलेला, गोंड कुळात जन्मून मुसलमान झालेला, आणि ज्याच्या शहरात पुढे मराठ्यांनी राज्य केले असा हा माणूस. दगड मारणाऱ्यांपैकी कोणाच्या बाजूला त्याला उभे करणार? ज्या वस्तीचा पायाच असा मिसळलेला आहे, तिला एकाच रंगाची म्हणणे इतिहासाला धरून नाही.

आता राहिला "तू मराठी कसा?" हा प्रश्न. १८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत केला, तेव्हापासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही आमची राजधानी होती. हायकोर्ट तेथे, सचिवालय तेथे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला, कारण हिशेब जिल्ह्याचा झाला, गावाचा नाही. राजधानी भोपाळला गेली, हायकोर्ट जबलपूरला गेले. त्याच दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, हे येथल्या वाचकांना मी सांगायला नको. गंमत अशी की, प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे असाव्यात हे काँग्रेसने ठरवले ते डिसेंबर १९२० च्या अधिवेशनात, आणि ते अधिवेशन भरले होते नागपुरातच! आबा त्या १९५६ मध्ये पंधरा वर्षांचे होते. ते म्हणतात, "आमी कुटंच गेलो नाई. राजधानीच उठून गेली." २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. पण त्याच वर्षी माझ्या धाकट्या चुलतभावाला हिंदी माध्यमात घातले. मी ज्या मराठी शाळेत शिकलो, तिच्यात आमच्या घरातले आता कोणी नाही. काकांचे म्हणणे खोटे नाही. नोकरीचे फॉर्म, परीक्षा, कचेरी सगळे हिंदीत. घरात आम्ही मराठी बोलतो, भावाची सही मात्र हिंदी पद्धतीची होईल.

मला सीमा हलवायच्या नाहीत. ते वय माझे नाही, आणि हिंदीवर माझा रागही नाही. तिने मला अर्धे जग दिले. हा अंक उलटा धरला की कन्नड विभाग सुरू होतो. दोन भाषा एका बांधणीत राहू शकतात, एवढे तर आपल्या कॉलेजने दरवर्षी दाखवले आहे. मला फक्त एवढेच हवे आहे की, भावाने सही कोणत्याही लिपीवळणाने करावी, पण जुम्मा तलाव कोणी बांधला हे त्याला सांगता यावे. राज्याच्या हद्दी कागदावर बदलतात, पण नागपूरच्या पायाचा दगड देवगडचा आहे ही नोंद खोडता येत नाही.

तेव्हा मित्रहो, नागपूरला जाल तेव्हा एक सकाळ महालासाठी ठेवा. बुधवारी गेलात तर बाजारही मिळेल. पायात साधी चप्पल घाला, गाडी तलावाजवळच सोडा, आणि गांधी गेटखाली मान वर करून उभे राहायला लाजू नका. एखाद्या दुकानाच्या पायरीवर म्हातारे गृहस्थ बसलेले असतील, त्यांना "काकाजी, हे कोणाचं?" असे विचारा. नागपूरचा माणूस बोलायला लागला की तर्री-पोहे थंड होतात. आणि सुट्टीचा आणखी एक दिवस हाताशी असेल, तर सौंसरच्या रस्त्याने वर छिंदवाडा जिल्ह्यात शिरा आणि मोहखेड तालुक्यातले देवगड गाठा. तेथे तिकीट-खिडकीची गर्दी नाही, खाण्याच्या गाड्या नाहीत. डोंगर आहे, पडक्या भिंती आहेत, पाण्याची टाकी आहेत. महालात जे नावे पडले आहे, त्याची जमा बाजू तेथे आहे. ताळा करून पाहा, जुळतो.